जलप्रवासाच्या आदल्या रात्रीं

दौंडास भीमाकाठीं आयुष्य गेलेल्या आम्हां उभयतांस गोव्याच्या जलप्रवासाची आदली रात्र चिरंजीवांनीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत घडविली. भाडें किती, हें सांगितलें नाहीं, तें बरेंच केलें. हॉटेल १९०३ सालचें, समोरील गेटवे ऑफ इंडिया १९२४ सालचें. घर आधीं, दरवाजा नंतर!

खिडकींतून समुद्र पाहतांना बौधायन आठवला. त्याच्या धर्मसूत्रांत समुद्रगमन पतनीय कर्मांत अग्रभागीं आहे. तरीही आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, अठराव्या वर्षीं, पतीवांचून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. हें मीं सांगतांच सौभाग्यवती म्हणाली, “अहो, आदल्या रात्रीं त्यांस झोंप लागली असेल का?”

मजपाशीं उत्तर नव्हतें. पहाटेपर्यंत आम्हीं दोघें नांगरलेल्या होड्यांचे दिवे पाहत बसलों.