एका बिऱ्हाडाचे चित्रपट

नाटकाचा नाद लागला कीं घर बुडतें, हें वडीलधाऱ्यांकडून ऐकतच आम्ही वाढलों. इंग्लंडांतील डेडहॅम गांवीं १८५१ सालीं जन्मलेल्या विल्यम हॅगर याचें चरित्र या वचनास अपवाद होय. वेल्स प्रांतांत तो सहकुटुंब फिरती नाटकमंडळी चालवी. १८९८ सालीं त्यानें चलच्चित्रें दाखविण्यास आरंभ केला. पुढें तो स्वतःच चित्रपट काढूं लागला. नट बहुधा घरचेच! चार्ल्स पीस या कुविख्यात घरफोड्यावरील १९०५ सालच्या चित्रपटांत मुख्य भूमिका मुलानें, वॉल्टरनें, केली. कालांतरानें ॲबरडेअर आदि गांवीं त्याचीं कायमचीं चित्रपटगृहें झालीं. १९२५ सालीं तो निवर्तला. त्याचे बहुतेक चित्रपट आज नाहींसे झाले आहेत; जे उरले त्यांत त्याच्या कुटुंबाची संगत टिकून आहे. घर मोडतें तें कलेनें नव्हे. घरच्यांस दाराबाहेर ठेवून एकट्यानेंच तींत रमल्यानें मोडतें, असें आम्हांस वाटतें.