पोटापाण्याचा उद्योग

फराळाचे ताट पुढे असताना पोटाच्या डॉक्टरांचे नाव काढू नये. पण बॅरी मार्शलचे काढायलाच हवे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा हा तरुण डॉक्टर. अल्सर बहुधा जंतूमुळे होतो, काळजीने नव्हे, हे त्याचे म्हणणे कोणी मानीना. तेव्हा १९८४ साली गड्याने ते जंतू कालवून स्वतःच पिऊन टाकले! बायकोला आधी विचारले नाही. (विचारतो कोण म्हणा!) थोड्याच दिवसांत ओकाऱ्या, जठराला सूज. ते जंतू आधी हेरणारे रॉबिन वॉरेन आणि तो, दोघांना २००५ साली नोबेल मिळाले.

माझे वडील १९७८ सालीच गेले. वीस वर्षे दूधभात, आणि वर 'काळजी सोडा' हा सल्ला. दहा माणसांच्या संसारात ती कुठे सोडायची, ते कोणी सांगितले नाही. आपला स्वभावच वाईट, असे ते शेवटपर्यंत म्हणत.