पेटीतली खेळणी

आगमनकाळ लागला की आमच्या धर्मग्रामातील घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात आणि गव्हाणीची जुळवाजुळव सुरू होते. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात, लातूर-नांदेडकडे, आपली घरे विरळ. म्हणूनच की काय, प्रत्येक घरची गव्हाणी वेगळी. लातूरच्या एका दिवंगत गुरुजींच्या घरी मेंढरे-उंटांच्या जोडीला चाळीस वर्षे जमवलेली खेळणीही बाळ येशूच्या भेटीला येतात. यंदा त्या घरी वाद झाला व तो आमच्याकडे आला. खेळणी पिवळी पडली होती. सूनबाईंनी औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साईडच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या आणि आजी पेटीचे झाकण दाबून बसल्या होत्या.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, रसायनशास्त्र नव्हे. तरी वाचून, विचारून जे कळले ते असे. पेटीत निर्मळची लाकडी हरणे व पोपट होते. निर्मळ आज तेलंगणात असले तरी १९५६ पर्यंत ते आणि आमचे नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते. गुरुजींनी ती तिकडूनच आणलेली. या खेळण्यांचे लाकूड पोनिकीचे, अगदी हलके. त्यावरचे रोगण वयाने पिवळसर होते. ते घासले तर खालचा रंगही निघतो. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि थांबावे.

प्लास्टिकची गोष्ट निराळी. त्याचा पिवळेपणा वरून बसलेला मळ नसतो. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांनी पदार्थच आतून बदलत जातो. पत्र्याच्या छपराखालचा आमचा उन्हाळा त्याला हातभार लावतो. पेरॉक्साईड लावून उन्हात ठेवण्याची युक्ती जुन्या संगणकांच्या शौकिनांनी २००८ च्या सुमारास प्रचारात आणली. कठीण प्लास्टिक तिने पांढरे होतेही. परंतु पुष्कळदा पट्टे उमटतात आणि काही काळाने, अंधारात ठेवले तरी, पिवळेपणा परततो. शिवाय हातमोजे व चष्मा न घालता हे द्रावण हाताळणे धोक्याचे. मऊ बाहुल्यांवर तर हा प्रयोग आम्ही मुळीच सुचवणार नाही. त्यांना कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि सावलीत वाळवणे पुरे. डांबराच्या गोळ्या मात्र पेटीतून आधी काढाव्यात. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात.

एक जपानी बाहुली सेल्युलॉइडची निघाली, कापराचा मंद वास येणारी. हा पदार्थ झटकन पेट घेतो, आणि ती दरवर्षी मेणबत्तीशेजारी मांडली जात होती! तिला आम्ही त्याच दिवशी गव्हाणीतून सुट्टी दिली.

इतके सारे आजींनी निमूट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बाकीच्यांचं काय करायचं ते करा, फादर. तिच्या अंगाला हात लावू नका."

ती म्हणजे तळाशी ठेवलेली रबरी वाटणारी बाहुली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीची जमीन हादरली. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून गावे उशिरा निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्यांवर कोसळला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या भागातल्या एका शाळेवर गुरुजींचे जावई होते. नात पाच वर्षांची होती. ढिगाऱ्यातून गुरुजींच्या हाती लागली ती ही बाहुली. तिच्या केसांत, बोटांच्या बेचक्यांत त्या भिंतीची माती अजून आहे.

सूनबाईंना कठोर म्हणण्याचे कारण नाही. त्यांची मुलगी यंदा पाच वर्षांची झाली. "ती पेटीतून निघाली की घरात नाताळ लागतच नाही, फादर," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणायला त्यांना बारा वर्षे लागली असावीत. दोघींचेही म्हणणे आम्हांला पटत होते. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा राहिल्या होत्या, हे आठवले. पण ते बोलून एकीचीच बाजू घेतल्यासारखे झाले असते. आम्ही एवढेच सांगितले की चेहऱ्याचा पिवळेपणा जाणार नाही, त्याचा नाद सोडावा. माती पाण्याने निघेल, पण एकदा निघाली की परत येणार नाही, म्हणून तो निर्णय आजींचा.

पेरॉक्साईडच्या बाटल्या दुकानदाराने परत घेतल्या. शनिवारी धुतलेली खेळणी ओसरीत सावलीला मांडली होती. नात एकेक उचलून नाव विचारत होती. आजींनी बाहुली मांडीवर घेतली, पदराचे टोक भिजवले आणि फक्त तोंड पुसले. केसांना त्यांनी हात लावला नाही. मग नातीला जवळ बोलावून तिला बाहुलीच्या मूळ मालकिणीचे नाव सांगितले. त्या घरात ते नाव आम्ही प्रथमच ऐकले.