पाठ फिरवण्याआधी

तीन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा शाळेत घालायला जूनइतका गैरसोयीचा महिना नाही. साताऱ्यात तेव्हा आभाळ भरून येतं, सकाळी नऊला वर्गात दिवे लावावे लागतात, मोजे ओले असतात, रेनकोटाचं बटण निघत नसतं. नेमक्या त्याच दिवसांत आपण मुलाला सांगतो की आता आईला सोड. पण आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून बालवाडीही जूनमध्ये. आमच्या बालवाडीत आम्ही त्यावर एवढीच तोड काढली आहे, की नवी मुलं एकदम बोलवायची नाहीत. एका आठवड्याला चार-पाचच, आणि सुरुवातीला तासभरच.

पालकांकडे एक हमखास युक्ती असते. “ताई, तुम्ही त्याला खेळात गुंतवा, मी हळूच सटकते.” मी याला ठाम नकार देते, आणि दरवर्षी एखादी आजी त्यावरून रुसते. युक्ती त्या दिवशी लागू पडते हे खरं. मूल ठोकळ्यांत रमतं, आई चपला हातात घेऊन बाहेर पडते. मग मूल मान वर करतं. दुसऱ्या दिवशी ते ठोकळ्यांना हात लावत नाही, आईचा पदर धरून बसतं. त्याचा हिशेब चोख असतो: खेळायचं म्हणजे नजर हटवायची, आणि नजर हटली की आई नाहीशी होते. आता रमायचीच त्याला भीती बसलेली असते, आणि माझ्या हातातलं एकमेव साधन निकामी झालेलं असतं. त्यापेक्षा दारात मोठ्यानं रडलेलं परवडतं.

म्हणून सांगून जायचं. एकदाच, थोडक्यात, त्याच्या तोंडाकडे बघून. “खाऊ खाऊन झाला, गाणी झाली, की मी येते.” बारा वाजता म्हणून उपयोग नाही, त्याला घड्याळ कळत नाही, खाऊ कळतो. “पाच मिनिटांत आले” हे तर नकोच. आणि निघालं की निघायचं. पाय निघत नाही म्हणून खिडकीपाशी घुटमळणारी आई मला जास्त अवघड वाटते. मुलाला ती दिसते, हुंदका पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बाबा सोडायला आले की हे नाटक बहुधा कमी असतं. पण आज आई, उद्या बाबा, परवा रिक्षावाले काका असं निदान पहिल्या पंधरवड्यात तरी करू नये.

त्याआधीचे काही दिवस आईनं वर्गात बसायचं असतं. इथं माझी एक अट आहे: निवडायला मेथीची जुडी घेऊन या. हसू नका. रिकाम्या हातांची आई मुलाशी खेळते, त्याला “जा ना, बघ किती छान घसरगुंडी” म्हणून ढकलते, इतर मुलांशी तुलना करते. मेथी निवडणारी आई कंटाळवाणी असते, आणि तीच हवी असते. मूल तिच्या मांडीपासून दोन पावलं जातं, परत येतं, देठ ओढतं, मग चार पावलं जातं. हे अंतर त्यानंच ठरवायचं.

मुलाला घरापासून एकदम तोडायचं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा वस्त्यांवरची मुलं बालवाडीकडे येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. मूल घराजवळच राहिलं, शिकवणारी बाई चालत गेली. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टनं उतरणाऱ्या मुलाला अंगणच नाही. मेथीची जुडी घेऊन बसलेली आई हेच त्याचं फूटभर अंगण.

आई गेल्यावरचं काम माझं. रडणाऱ्या मुलाला मी ओढून घेत नाही. आईनं माझ्या हातात द्यावं लागतं, म्हणजे ही बाई आईला चालते हे त्याला दिसतं. मग जमिनीवर बसायचं. “शहाणी मुलं रडत नाहीत” म्हणायचं नाही, मोबाइल दाखवायचा नाही. “आई हवीय ना. खाऊ झाला की येणार आहे.” तेच वाक्य, त्याच आवाजात, हवं तितक्या वेळा. आणि शेजारी पाण्याचं घमेलं. त्यात वाट्या, गाळणं, दोन छोटे पेले. एका पेल्यातलं दुसऱ्यात ओतायचं. माँटेसरी पद्धतीत हे हाताला वळण लागावं म्हणून असतं. माझा अनुभव असा, की पाण्यात हात गेले की श्वास आधी सरळ होतो. डोळे गळत असतात आणि ओतणं चाललेलं असतं. तेव्हा काही बोलू नये. शाबासकी तर मुळीच नको, लगेच आई आठवते. चिंचोके, मणी मात्र पहिल्या महिन्यात कपाटात. ते नाकात जातात. आणखी एक, घरी शूला कोणता शब्द आहे तो मी पहिल्याच दिवशी विचारून घेते. निम्मं रडणं तिथलं असतं.

मला खरी धास्ती वाटते ती हसत येणाऱ्या मुलाची. टाटा करून आत पळतं, आईबाबा फोटो पाठवतात. दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या लक्षात येतं की हे रोजचंच आहे, आणि एका सोमवारी ते दाराला मिठी मारून बसतं. पालक मला विचारतात, कुणी मारलं का, बाई बदलली का. काहीच झालेलं नसतं. उशिरा कळलं, एवढंच. गणपतीच्या सुट्टीनंतर तर बहुतेकांचंच असं होतं. म्हणून तेव्हाचे दोन दिवस आम्ही शाळा लवकर सोडतो.

आणि सुटतानाचं रडणं. सकाळभर गाणी म्हटलेलं, डबा चाटूनपुसून खाल्लेलं मूल दारात आई दिसताच भोकाड पसरतं. आई माझ्याकडे संशयानं बघते. मी तिला दप्तर देते, रिकामा डबा दाखवते. सकाळपासून राखून ठेवलेलं ते रडणं तिच्यासाठीच असतं, ते तिनंच घ्यायचं. “काय झालं, काय झालं” न विचारता उचलून घ्यायचं आणि घरी न्यायचं. वाटेत प्रश्न विचारू नका, असं मी सांगते. ऐकत कुणी नाही. गेटाबाहेर पडायच्या आत पहिला प्रश्न येतोच: “आज काय शिकवलं?”