मिठाची मूठ

हिवाळ्यात सोलापूरच्या बाजारात ओल्या लाल मिरच्या आल्या की रंजका घालायचा, हा अम्मींचा शिरस्ता होता. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही दोघी जावा त्यांच्या हाताखाली. मोठीने मिरच्या वाटायच्या, मीठ कालवायचे. धाकटीने लिंबे पिळायची, मेथी तळायची. वर्षानुवर्षे हेच चालले. रंजका आपल्याला येतो, असे दोघींनाही वाटत असे.

अम्मींचा इंतकाल झाला आणि वर्षभरात घराची वाटणी झाली. अंगणात भिंत आली. भावाभावांत भांडण झाले नाही, पण बोलणे कमी झाले. मग आम्हीही गप्प राहू लागलो. गेल्या हिवाळ्यात दोघींनी आपापल्या घरी रंजका घातला. धाकटीच्या घरी रक्तदाबाचे दुखणे, म्हणून तिने मीठ हात राखून घातले. आठवड्यात बरणीत बुरशी धरली. मोठीचा रंजका टिकला, पण मेथी करपल्याने तोंडात घालवेना. दोन्ही बरण्या फेकल्या गेल्या. अन्न फेकताना जिवाला लागले, तरी भिंतीपलीकडे कोणी सांगितले नाही.

यंदा बाजारातून मिरच्या आल्या त्या दिवशी धाकटीचा मुलगा मोठीच्या दारात उभा राहिला. "बडी अम्मी, अम्मी पूछ रहीं, नमक कित्ता डालना?"

मोठी म्हणाली, "बोल के समझता नै बाबा. अम्मी कू इधर भेज."

दोन किलो मिरच्या देठांसकट धुतल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या आणि रात्रभर सावलीत पसरल्या. देठ आधी काढले तर आत पाणी शिरते, म्हणून ते सकाळी काढले. मोठीने बिस्मिल्लाह म्हणून मीठ घेतले. "किलोला तीन मुठी," ती म्हणाली. धाकटी शाळेत शिकवते. तिला मूठ पटेना. तिने तराजू आणला. तीन मुठी मीठ भरले 150 ग्रॅम. अम्मींचा अंदाज पहिल्यांदाच वहीत उतरला.

मिरच्या मीठ घालून जाडसर वाटल्या, बरणीत भरल्या, तोंडाला दादरा बांधला. तीन दिवस रोज सकाळी कोरड्या चमच्याने ढवळले. पुरेसे मीठ असले की नासवणारे जंतू मागे पडतात आणि दह्यासारखा आंबटपणा आणणारे जंतू आपले काम करतात. तेव्हा मीठ कमी खायचे असेल तर ताटात रंजका कमी घ्यावा, बरणीत मीठ कमी घालू नये. चौथ्या दिवशी किलोला दहा लिंबांचा रस, दोन चमचे मेथीची पूड आणि चमचाभर हिंग घातला. मेथी तेलात मंद आचेवर फक्त तांबूस करायची. हे धाकटीने दाखवले. "इत्ताच?" मोठीने विचारले आणि गेल्या वर्षीच्या कडू बरणीची गोष्ट सांगितली. मग धाकटीनेही बुरशीची सांगितली. आम्ही दोघी खूप हसलो, आणि थोडे रडलोही. डोळ्यांना मिरचीचा हात लागल्याचे निमित्त होतेच.

हाताची आग मात्र खरी होती. मिरचीचा दाहक अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी हाताला तेल चोळावे, मग साबण लावावा. शरीरात उष्णता ओळखणारी जी यंत्रणा असते, तिलाच हा अंश चेतवतो. म्हणून न भाजताही आग होते. मिरचीच्याच मदतीने हे शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. जेवताना तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दही बरे. अम्मी रंजक्यावर कच्चे तेल आणि दही घालूनच वाढत, ते उगीच नव्हे.

बरण्या तीन भरल्या. दोन आमच्या दोन घरांत, तिसरी शेजारच्या काकूंना. त्यांच्याकडून कडक भाकऱ्या येत आणि आमच्याकडून रंजका जाई, हा अम्मींच्या वेळचा रिवाज. रस्सा करताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी नसीहत प्रेषित (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केली होती. अम्मी ती अनेकदा सांगत. आम्ही शेजाऱ्यांचा हक्क सांभाळत होतो आणि भिंतीपलीकडची जाऊही शेजारीणच आहे, हे विसरलो होतो.

भिंत अजून आहे. तिच्यावरून आता वाट्या मात्र जातात-येतात. कृती धाकटीने उर्दूत लिहिली आणि मोठीची मुले मराठी शाळेतली म्हणून मराठीतही. वाचक भगिनींना एवढीच विनंती: घरात वडीलधारी बाई असेल तर तिची मूठ आजच तोलून घ्या. आमची राहून गेली होती. ती एकमेकींकडून गोळा करावी लागली. अल्लाह अम्मींची मगफिरत करो. आमीन.