ओवीखालचे नाव

दर वर्षी डिसेंबर सरता सरता आमच्या मराठी विभागात एक यादी तयार होते. वर्षभरात पहिल्यांदाच कानावर आलेली, आवडलेली आणि दुसऱ्याला ऐकवावीशी वाटलेली गाणी प्रत्येकाने सांगायची, असा हा साधा प्रघात. आम्ही तिघे प्राध्यापक, तिघेही चाळिशीतले आणि तिघेही मराठीचे एम.ए.; त्यामुळे ‘नवे’ या शब्दाच्या अर्थावरून पहिल्याच वर्षी वाद झाला, हे वेगळे सांगायला नकोच. शेवटी दोन नियम ठरले. गाणे यंदा निर्माण झालेले असायला हवे असे नाही, यंदा आपल्याला भेटलेले असले की पुरे. आणि वाद्यांचा गलबला नको. एकतारी, तुणतुणे, टाळ, फार तर एखादी गिटार. आवाज आणि शब्द यांच्यामध्ये जितके कमी येईल तितके बरे.

या नियमांत यंदा कडुबाई खरात सहज बसल्या. एकतारीवर त्यांनी गायलेली भीमगीते मोबाइलवरच्या चित्रफितींमधून घरोघर पोचली आहेत, आणि साथीला एकच तार असताना आवाजाला लपायला जागा उरत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या तरुण गटाने गिटारच्या साथीने गायलेल्या अभंगांवर मात मतभेद झाले. आमच्यातल्या एकाने नाक मुरडले. (देहू हाकेच्या अंतरावर असले की माणसे अभंगाबाबत जरा हळवी होतात.) असो. यादीचा मोठा भाग यंदा जात्याने व्यापला, आणि लिहायचे आहे ते त्याविषयी.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभे केलेले जात्यावरच्या ओव्यांचे संकलन आपल्या वाचकांना ऐकून तरी ठाऊक असेलच. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मुळशीच्या डोंगरी गावांतून, गरीब डोंगरी संघटनेच्या कामाच्या ओघात, हे काम सुरू झाले. पॉइटवाँ २००४ साली गेले. राईरकरही आज हयात नाहीत. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, असा त्या संग्रहाचा पसारा. संगणक आणि संगीत या दोहोंत गती असलेले बर्नार्ड बेल पुढे या कामात आले, तेव्हा ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा ठेवा टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला केला. म्हणजे मावळाच्या शेजारच्या तालुक्यात गायलेल्या, कागदावर उतरलेल्या ओव्या आमच्या वर्गातल्या मुलांच्या खिशात पोचायला तीसेक वर्षे लागली. मुलांना त्या ‘नव्या’ वाटल्या. आमच्या नियमानुसार त्या नव्याच होत्या.

या ध्वनिमुद्रणांपैकी काहींत जाते फिरते आहे, काहींत नाही, आणि दोन्ही लागोपाठ ऐकताना फरक चटकन जाणवतो. जाते नसते तेव्हा ओवी नुसती चाल होते, थोडी सैल, थोडी लाजरी. जाते असते तेव्हा तिला खालून घरघरीचा आधार असतो आणि दंडाच्या जोराने श्वास ठरतो. एक बाई ओळ टाकते, समोरची ती उचलते, पहिलीला तेवढ्यात दम घ्यायला आणि पुढची ओळ मनात जुळवायला अवकाश मिळतो. आम्ही वर्षानुवर्षे ओवीचे छंदशास्त्र फळ्यावर शिकवत आलो. अक्षरसंख्येची लवचीकता, यमक, साडेतीन चरण वगैरे. पण ओळीची लांबी दगडाच्या फेऱ्याशी आणि दोन बायकांच्या दमसासाशी बांधलेली आहे, हे फळ्यावर दाखवता येत नाही. ते ऐकवावेच लागते. ऐकवले तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाइलही काही काळ खाली राहिले.

परंतु आम्हांला खरी थबकवणारी गोष्ट वेगळी होती. प्रत्येक ओवीपाशी गायिकेचे नाव होते आणि तिचे गाव होते. मुळशीतल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, ज्यांची वनवासातली सीता ऐकल्यावर रामकथेविषयी आपण नेमके काय शिकवतो, असा प्रश्न पडावा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या बायका. आमच्या पिढीने ओवी वाचली ती साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधून आणि सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्याच्या पुस्तकांतून. त्या ग्रंथांचे ऋण फार मोठे आहे, ते कोण नाकारील? तरी तिथे भेटली ती ‘स्त्री’. सासुरवाशीण, माहेरवाशीण, माउली. अमुक गावची अमुक बाई अशी ती फारशी भेटली नाही. पाठ्यपुस्तकात तर कवितेखाली जिथे कवीचे नाव यायचे तिथे ‘पारंपरिक’ एवढाच शब्द.

इथे बहिणाबाईंची आठवण अपरिहार्य आहे. त्याही जात्यापाशी गायल्या, त्यांनाही अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी ग्रंथरूपात आली आणि मराठी कवितेच्या इतिहासात एक नाव वाढले. त्यांची प्रतिभा असामान्य होती, यात शंका नाही. पण मुलगा सोपानदेव कवी नसता तर? ती गाणी कदाचित खानदेशातल्या कुठल्या संग्रहात ‘पारंपरिक’ म्हणून छापली गेली असती, आणि आम्ही त्यांतून खानदेशी बोलीची वैशिष्ट्ये काढून दाखवली असती.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे पडले, की ओवीला नाव लावणे हा आपला छापील संस्कृतीचा हट्ट आहे. पहिली ओळ सगळ्या गावाची असते, कित्येकदा सगळ्या जिल्ह्याची. तिच्यावर कोणा एकीचा हक्क कसा सांगावा? आक्षेप खोटा नाही. पण दुसरी ओळ बाई स्वतःची घालते. भावाचे नाव, लेकाची नोकरी, धरणात गेलेले शेत, नवऱ्याची मारहाण हे सगळे त्या दुसऱ्या ओळीत येते. आम्ही असे ठरवले, की ‘कवयित्री’ म्हणू नये, ‘गायिका’ म्हणावे, पण नाव लिहावे. विद्यार्थ्यांना लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी तशी सूचनाही दिली. ज्या बाईकडून ओवी घेतली तिचे नाव, गाव आणि तिची संमती. ‘पारंपरिक’ लिहिलेले चालणार नाही.

या सूचनेचे पुढे काय झाले, ते आंबीत कळले. तळेगावजवळचे हे गाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरचे. भातखाचरांच्या शेजारी औद्योगिक वसाहत आली, महाविद्यालयांच्या इमारती आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या. जाती मात्र घरांतून पूर्ण गेलेली नाहीत. दळण गिरणीत जाते. जाते परसात, भिंतीशी टेकून, आणि लग्नघरात हळद दळायच्या दिवशी त्याला कुंकू लागते. तिथल्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित करून आणल्या. ऐंशीच्या घरातला आवाज, जाते नाही, मागे रस्त्यावरच्या अवजड वाहनांची घरघर. (तीच जात्याची जागा घेते आहे, असे एक क्षण वाटले.) इंद्रायणी, पंढरी, भाऊ, तुळस, आणि मधेच सासूवर एक ओवी. दोनच ओळी. त्यात शिवी नाही, रडणे नाही. एका घरातल्या एका सकाळची हकीगत आहे, आणि ती ऐकल्यावर आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. गेल्या कित्येक वर्षांच्या याद्यांत इतके नेमके काही आले नव्हते.

संमतीसाठी आम्ही आजींकडे गेलो. त्यांनी चहा दिला, नाव कुठे छापणार ते विचारून घेतले, आणि आमच्यातल्या बाईंकडे वळून म्हणाल्या, “बाई, माजं नाव घाला की, माजी ना न्हाई. पर ती सासूची ओवी तेवडी वगळा. तिची लेकरं-नातवंडं हायती गावात, उद्या तोंड दाखवायचंय मला.”

मग नाव न घालता ओवी ठेवली तर? नात हळूच म्हणाली, “आजी, नाव नाही लिहायचं, नुसतं ‘पारंपरिक’ लिहू.” आजींनी थोडा विचार केला. “तसं चालंल,” म्हणाल्या. “मंग कुनाची बी आसंल ती.”

परतीच्या वाटेवर आमचा वाद नव्याने पेटला. ज्या शब्दाला आम्ही पुसून टाकणारा म्हणत होतो, तोच या बाईला आडोसा देत होता. कदाचित पिढ्यान्‌पिढ्या देत आला असेल. सासरच्या घरात, सासरच्याच जात्यावर, सासू पलीकडच्या खोलीत असताना गायचे, तर ओवी ‘कुणाचीही’ असणेच सोयीचे. आणि तरीही, ती कुणाचीही नव्हती. आमच्यातल्या एकाने प्रकल्पात दोन्ही ठेवावे असे सुचवले: नावासकट बाकीच्या ओव्या, आणि ही एक शेवटी, निनावी. दुसऱ्याने लक्षात आणून दिले, की एकाच वहीत दोन्ही असल्यावर गावात कोणालाही कोडे सुटायला वेळ लागणार नाही.

विद्यार्थिनीने आपल्यापुरता निर्णय घेतला. प्रकल्पात सदतीस ओव्या आहेत, प्रत्येकीखाली आजीचे पूर्ण नाव आणि आंबी हे गाव. अडतिसावी तिच्या मोबाइलमध्ये आहे. तिघांच्याही यादीत यंदा पहिला क्रमांक तिचाच लागला, आणि त्या क्रमांकापुढची जागा आम्ही कोरी सोडली आहे.