आधी गाडीला विचार

चि. मेधा,


काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "गाडी घाटात झटके मारते, गॅरेजवाला पेट्रोलचा पंप बदलू म्हणतोय, मी हो म्हटलं." तेव्हापासून मला चैन नाही. स्कॅनर न लावता, प्रेशर न मोजता हो म्हटलंस? अगं, आबांची नात ना तू!

झटके नेमके केव्हा बसतात ते आधी बघ. नुसती पहिल्या गिअरमध्ये उठताना थरथरत असेल तर क्लच बघायला सांग. चौथ्यात, चढावर रेस दिल्यावर मिसिंग मारत असेल तर माझा पहिला संशय प्लग आणि कॉइलवर. जोर पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि अशक्त ठिणगी तिथेच दगा देते. स्कॅनरवर पी०३०१ आला म्हणजे मिसिंग पहिल्या सिलिंडरला. त्याची कॉइल दुसऱ्यावर लावून बघायची. मग पी०३०२ आला, तर दोष कॉइलचाच. याला पैसा लागत नाही. पी०१७१ आला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तेव्हा इनटेकची नळी, एअरफ्लो सेन्सर, फिल्टर आणि मग पंप.

साखरप्याची ती पावसाळी रात्र आठव. सगळे कार्ब्युरेटर खोलायला निघालेले, आणि आबांनी पद्मिनीच्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली! लक्षण ऐकल्याशिवाय उपाय करू नये, हे मी गाडीपुरतं म्हणत नाही. ताईच्या खोकल्यावर तुम्ही औषधं बदलत बसलात. छातीचा एक्स-रे काढला का? घाईघाईने केलेला उपाय लागू पडला तरी दुखणं काय होतं ते कळत नाही, आणि पुन्हा उलटलं की आपण तिथेच.

आणखी एक. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी लगेच बाजूला घे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो भयंकर तापतो आणि कायमचा बाद होतो. पण मला कन्व्हर्टरची नाही, तुझी काळजी आहे. कुंभार्लीत ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीने मध्येच पिकअप सोडला तर? शेजारी ईशान बसलेला असणार. शनिवारी कराडला एसटीनेच जा, माझं ऐक. प्रेशर मोजल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नकोस, आणि स्कॅनरवर काय आलं ते मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
मामा